वजन, शुगर आणि अंडाशयाचा कर्करोग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंडाशयाच्या कर्करोगाचं निदान झालं की घरात दोन प्रश्न हमखास निघतात: हे खाण्यापिण्यामुळे झालं का, आणि आता काय खायचं? पहिल्याचं उत्तर बहुतेकींना वाटतं त्यापेक्षा दिलासा देणारं आहे. दुसऱ्याचं उत्तर इंटरनेटवर मिळतं तितकं सोपं नाही. खाली दिलेली माहिती डॉक्टरांशी बोलताना उपयोगी पडावी म्हणून आहे, त्यांच्याऐवजी वापरण्यासाठी नाही.

चयापचयाचं आरोग्य बिघडलंय, हे कशावरून ठरवतात?

पाच मोजमापं असतात. बायकांसाठी ती अशी: कमरेचा घेर (बऱ्याच वंशगटांत ८० सेंमी किंवा जास्त), ट्रायग्लिसराइड १५० किंवा जास्त, 'चांगलं' म्हणतात ते एचडीएल कोलेस्टेरॉल ५० पेक्षा कमी, बीपी १३०/८५ किंवा जास्त, आणि उपाशीपोटीची शुगर १०० किंवा जास्त. यातल्या तीन गोष्टी जुळल्या की मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. बीपी किंवा शुगरची गोळी चालू असेल, तर आकडा नॉर्मल आला तरी ती बाब मोजली जाते. या यादीत वजन नाही, हे लक्षात घ्या. बारीक दिसणाऱ्या बाईचीही पाचपैकी तीन मोजमापं बिघडलेली असू शकतात.

वजन जास्त असल्यामुळे अंडाशयाचा कर्करोग होतो का?

धोका वाढतो, पण थोडा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली लठ्ठपणाशी पक्का संबंध असलेल्या १३ कर्करोगांची यादी केली, तिच्यात अंडाशय आहे. ते वाचून अनेकजणी घाबरतात, कारण यादीत नाव आहे एवढंच कळतं, संबंध केवढा आहे ते कळत नाही.

तो केवढा, हे २०१२ च्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणातून दिसतं. ४७ अभ्यास, कर्करोग झालेल्या २५ हजारांहून अधिक बायका आणि न झालेल्या ८१ हजार. ज्यांनी पाळी गेल्यानंतरची हार्मोनची औषधं कधीच घेतली नव्हती, त्यांच्यात बीएमआय (उंचीच्या प्रमाणात वजन दाखवणारा आकडा) ५ ने वाढला की धोका सुमारे १० टक्क्यांनी वाढत होता. १६० सेंमी उंचीच्या बाईला बीएमआय ५ ने वाढवायला सुमारे १३ किलो वजन चढावं लागतं. हार्मोन घेतलेल्यांमध्ये ही वाढ दिसलीच नाही.

आता हे १० टक्के कशाचे, ते पाहा. अमेरिकेतल्या आकडेवारीनुसार साधारण ९० बायकांमागे एकीला आयुष्यात कधीतरी हा आजार होतो, म्हणजे हजारात ११ जणींना. त्यात १० टक्के मिळवले की हजारात १२. याउलट बीआरसीए-१ जनुकात दोष असलेल्या बाईला वयाच्या ८० पर्यंत हा कर्करोग होण्याची शक्यता ४४ टक्क्यांच्या आसपास आहे, आणि बीआरसीए-२ मध्ये दोष असेल तर सुमारे १७ टक्के. त्यामुळे एखाद्या रुग्णाला तोंडावर 'वजन आटोक्यात ठेवलं असतंस तर' म्हणणारे नातेवाईक क्रूर तर असतातच, शिवाय त्यांचं गणितही कच्चं असतं.

त्याच विश्लेषणात उंचीचाही संबंध सापडला: दर ५ सेंमी उंचीमागे ७ टक्के जास्त धोका. उंची कमी करा असा सल्ला अजून कुणी दिलेला ऐकला नाही.

पण सगळ्या प्रकारच्या अंडाशय-कर्करोगांना हे सारखंच लागू होतं का?

नाही, आणि या विषयातली सगळ्यात कळीची गोष्ट हीच आहे. बायोप्सीच्या रिपोर्टवर प्रकाराचं नाव लिहिलेलं असतं. ते आधी वाचा.

सुमारे ७० टक्के रुग्णांना असतो तो हाय-ग्रेड सीरस. हा बहुतेक वेळा अंडाशयात सुरूही होत नाही, गर्भनलिकेच्या अंडाशयाकडच्या टोकाशी सुरू होतो आणि तिथून पसरतो. मृत्यू याच प्रकाराने जास्त होतात. आणि नेमकं याच प्रकारात वजनाचा संबंध फार पुसट दिसतो. २०१३ मध्ये १५ अभ्यासांची माहिती एकत्र करून प्रकारवार पाहिलं, तेव्हा लठ्ठपणाचा संबंध एंडोमेट्रिऑइड, म्युसिनस, लो-ग्रेड सीरस आणि 'बॉर्डरलाइन' (पूर्ण कर्करोग न झालेल्या) गाठींशी निघाला. हाय-ग्रेड सीरसशी नाही.

यावर एक शंका येते. आजारी बाईचं वजन आजारामुळेच बदललेलं असतं, मग अशा अभ्यासांवर विसंबायचं कसं? म्हणून संशोधकांनी दुसरी वाट धरली. वजनावर परिणाम करणारी जनुकं जन्मापासून ठरलेली असतात, आजार त्यांना बदलू शकत नाही. त्या जनुकांच्या आधारे २०१६ मध्ये तपासलं तरी उत्तर तेच आलं: हाय-ग्रेड सीरस सोडून बाकीच्या प्रकारांत बीएमआयच्या दर ५ अंकांमागे धोका सुमारे २९ टक्क्यांनी जास्त, हाय-ग्रेड सीरसमध्ये जवळपास काहीच नाही.

एंडोमेट्रिऑइड आणि क्लिअर सेल या दोन प्रकारांचं नातं एंडोमेट्रिओसिसशी (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) घट्ट आहे, आणि म्युसिनसचं धूम्रपानाशी. म्हणजे 'अंडाशयाचा कर्करोग' या एका नावाखाली वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या कारणांनी सुरू होणारे आजार आहेत. 'लठ्ठपणामुळे अंडाशयाचा कर्करोग' असा मथळा दिसला की कोणता प्रकार, हे आधी शोधा. बहुतेक बातम्यांत ते लिहिलेलंच नसतं.

चरबी शरीरात नेमकं करते तरी काय?

पाळी गेल्यानंतर अंडाशयं इस्ट्रोजेन जवळजवळ बनवत नाहीत, पण चरबीच्या पेशी बनवत राहतात. एंडोमेट्रिऑइडसारख्या हार्मोनला प्रतिसाद देणाऱ्या प्रकारांत हे महत्त्वाचं ठरतं. इन्सुलिनचं प्रमाण कायम चढलेलं असेल, तर लैंगिक हार्मोनना बांधून ठेवणारं एक प्रथिन यकृत कमी बनवतं आणि मोकळी हार्मोन रक्तात जास्त फिरतात. शिवाय पोटाभोवतीची चरबी मंद दाह चालू ठेवते.

हे झालं कर्करोग सुरू होण्याबद्दल. तो पसरण्याची गोष्ट निराळी आहे. पोटात आतड्यांसमोर चरबीचा एक पडदा लोंबत असतो, त्याला ओमेंटम म्हणतात. अंडाशयाचा कर्करोग पसरला की बहुतेकदा आधी तिथेच जातो, म्हणून ऑपरेशनमध्ये हा पडदा काढतात. २०११ मध्ये शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की ओमेंटममधल्या चरबीच्या पेशी रासायनिक संदेश सोडून कर्करोगाच्या पेशींना ओढून घेतात आणि मग आपल्याजवळची स्निग्धाम्लं थेट त्यांच्या हवाली करतात. कर्करोगाची पेशी ती जाळून वाढते. हा पडदा बारीक बाईच्याही पोटात असतो, त्यामुळे हा मार्ग फक्त जाड बायकांपुरता नाही.

साखर बंद केली की कर्करोग उपाशी मरतो, हे खरं का?

नाही. पेट स्कॅनमध्ये साखरेसारखा पदार्थ टोचतात आणि गाठी चमकतात, त्यावरून ही समजूत पसरली असावी. कर्करोगाच्या पेशी ग्लुकोज भराभर वापरतात हे खरंच आहे, पण तुम्ही गोडाचा कण खाल्ला नाहीत तरी यकृत रक्तातली साखर टिकवून धरतं, कारण मेंदूला ती लागते. आणि वर पाहिलं तसं, या कर्करोगाला चरबीही चालते. गोड कमी करण्याची कारणं भरपूर आहेत. गाठ उपाशी मारणं हे त्यातलं नाही.

मला बारा-पंधरा वर्षांपासून डायबेटिस आहे. मला धोका जास्त आहे का?

एकत्रित अभ्यासांत टाइप २ डायबेटिस असलेल्या बायकांत थोडा जास्त धोका दिसतो. पण डायबेटिस आणि वजन बहुधा जोडीनेच येतात, त्यामुळे कुणाचा वाटा किती हे वेगळं काढणं अवघड जातं. यासाठी वेगळ्या तपासण्या करून घेण्याची गरज नाही. मात्र कर्करोग झालाच, तर डायबेटिस उपचारांच्या प्रत्येक टप्प्यावर आडवा येतो: ऑपरेशनची जखम भरायला वेळ लागतो, संसर्ग सहज होतो, आणि पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधामुळे हातापायांना मुंग्या येतात तेव्हा आधीच थकलेल्या नसा आणखी त्रास देतात. मुंग्या आधीपासून येत असतील, तर पहिल्या केमोच्या आधी सांगा.

पीसीओएस असलेल्या मुलींना पुढे अंडाशयाचा कर्करोग होतो का?

पीसीओएस (हार्मोन बिघडल्याने पाळी अनियमित होण्याचा त्रास) आणि गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग यांचा संबंध स्पष्ट आहे. अंडाशयाच्या कर्करोगाशी तसा ठाम संबंध दिसलेला नाही. सोनोग्राफीत दिसणाऱ्या बारीक गाठी म्हणजे अर्धवट वाढलेली बीजं. त्यांचा कर्करोग होत नाही.

पीसीओएससाठी ज्या हार्मोनच्या गोळ्या देतात, त्याच गर्भनिरोधक गोळ्या अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका कमी करतात. ४५ अभ्यासांच्या २००८ च्या विश्लेषणानुसार दर ५ वर्षांच्या वापरामागे धोका सुमारे २० टक्क्यांनी घटतो, १५ वर्षांत निम्मा होतो, आणि गोळ्या थांबवल्यावरही कित्येक वर्षं फायदा टिकतो. वजनाच्या १० टक्क्यांशेजारी हा आकडा ठेवून पाहा. पण रक्तात गुठळी होण्याचा आणि स्तनाच्या कर्करोगाचा किंचित वाढणारा धोका दुसऱ्या पारड्यात आहेच, त्यामुळे केवळ याच कारणासाठी गोळी स्वतःच्या मनाने सुरू करू नका.

पोट सुटलंय असं वाटत होतं, निघाला कर्करोग. हे वेळीच कसं ओळखायचं?

वजन आणि हा आजार यांची सगळ्यात घातक गाठ पडते ती इथे, असं माझं मत आहे. पोट फुगणं, चार घास खाल्ले की पोट भरल्यासारखं वाटणं, ओटीपोटात दुखणं, वारंवार किंवा घाईची लघवी ही या आजाराची लक्षणं. प्रत्येकीला कधी ना कधी होतच असतात. बाई जाड असली की तिला 'वजन कमी करा, गॅसची गोळी घ्या' एवढंच ऐकायला मिळतं आणि दोन-तीन महिने जातात.

फरक सातत्यात असतो. त्रास गेल्या वर्षभरातच सुरू झालेला आहे आणि महिन्यातून १२ पेक्षा जास्त दिवस होतोय, तर तपासणी हवी. आणखी एक खूण: परकराची नाडी किंवा पँटची कंबर आवळत चाललीय, पण बांगड्या सैल होतायत आणि गाल बसलेत. चरबी अशी वाढत नाही. पोटात पाणी साठलं की असं होतं. अशा वेळी डॉक्टरांकडे 'माझं वजन वाढलंय' म्हणून जाऊ नका. 'माझं पोट वाढलंय आणि बाकी अंग उतरलंय' असं सांगा. ओटीपोटाची सोनोग्राफी आणि सीए-१२५ ही रक्ताची चाचणी इथून सुरुवात होते.

मग काही त्रास नसतानाही दरवर्षी सीए-१२५ करून घेऊ का?

नको. ब्रिटनमध्ये दोन लाखांवर बायकांना घेऊन हाच प्रयोग झाला. १६ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, २०२१ मध्ये निकाल आला: तपासण्यांमुळे या आजाराने होणारे मृत्यू कमी झाले नाहीत.

माझं वजन १०० किलोच्या वर आहे. केमोचा डोस कमी देतात का?

द्यायला नको. बरेच वर्षं मात्र देत होते. पॅक्लिटॅक्सेलचा डोस शरीराच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर ठरतो, नेहमीचा आकडा दर चौरस मीटरला १७५ मिलिग्रॅम. एखाद्या बाईचं क्षेत्रफळ २.२ चौरस मीटर भरलं तर डोस ३८५ मिलिग्रॅम होतो. पण जास्त औषध सोसणार नाही या भीतीने क्षेत्रफळ २ वरच थांबवायची पद्धत होती, म्हणजे ३५० मिलिग्रॅम. तिला दर वेळी ९ टक्के औषध कमीच मिळत गेलं. 'जाड बायकांना केमो कमी लागू पडते' या निष्कर्षात अशा कमी डोसांचाही वाटा असू शकतो. अमेरिकेतल्या क्लिनिकल ऑन्कॉलॉजी संघटनेने २०१२ मध्ये स्पष्ट सांगितलं की डोस प्रत्यक्ष वजनावरच काढा, आणि २०२१ मध्ये तेच पुन्हा सांगितलं.

कार्बोप्लॅटिन या केमोच्या दुसऱ्या औषधाचं गणित वेगळं आहे. ते मूत्रपिंडांच्या गाळण्याच्या वेगावर बेततात: वेगात २५ मिळवायचे आणि ठरवलेल्या लक्ष्याने गुणायचं. वेग ९० आणि लक्ष्य ५ असेल, तर ११५ गुणिले ५, म्हणजे ५७५ मिलिग्रॅम. गोम अशी की हा वेग बहुधा मोजत नाहीत, रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडं बाहेर टाकतात तो पदार्थ), वय आणि वजनावरून अंदाजाने काढतात. जाड बाईचं सगळं वजन त्या सूत्रात घातलं तर वेग भलताच जास्त येतो, म्हणून इथे वजन समायोजित करतात आणि वेग १२५ च्या पुढे धरत नाहीत.

आणि पोटातलं पाणी? निदानाच्या वेळी ते पाच-सहा लिटर असू शकतं, म्हणजे काट्यावर तेवढेच किलो. ते काढल्यावर किंवा केमोने ओसरल्यावर वजन झपाट्याने उतरतं. 'डोस कोणत्या वजनावर काढलाय?' हा प्रश्न विचारायला संकोच करू नका.

जाड बायका या आजारातून कमी वाचतात का?

फरक आहे, पण लहान. १२ हजारांवर रुग्णांच्या २०१५ च्या विश्लेषणात बीएमआयच्या दर ५ अंकांमागे मृत्यूचा धोका ३ टक्क्यांनी जास्त निघाला. तुलनेसाठी अमेरिकेतले आकडे घ्या: आजार अंडाशयापुरता असताना सापडला तर पाच वर्षं जगण्याचं प्रमाण ९० टक्क्यांवर आहे, दूर पसरल्यावर सापडला तर तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. टप्प्यापुढे वजन काहीच नाही.

निदान झालंय, आता वजन उतरवू का?

उपचार चालू असताना मुळीच नाही. या काळात चिंता चरबीची नाही, स्नायूंची करायची असते. सीटी स्कॅनमध्ये कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या पातळीवर स्नायू किती आणि कसे आहेत हे मोजता येतं. ज्यांचे स्नायू विरळ आणि चरबी शिरलेले असतात, त्यांचं आयुष्यमान कमी दिसतं, मग बाहेरून त्या जाड दिसोत की बारीक. जाड दिसणाऱ्या बाईचे स्नायू झडत असले तर कुणाच्या लक्षातही येत नाही. उलट 'बरं झालं, थोडी उतरली' म्हणतात.

दर किलो वजनामागे रोज १ ते १.५ ग्रॅम प्रथिनं पोटात जावीत, अशी कर्करोग-रुग्णांसाठी शिफारस आहे. मूत्रपिंडं कमजोर असतील तर आधी विचारा. आतड्यात अडथळा येण्याची शक्यता डॉक्टरांनी सांगितली असेल, तर चोथायुक्त 'आरोग्यदायी' खाणंच अपायकारक ठरतं. तिथे सर्वसाधारण आहार-सल्ले गुंडाळून ठेवा.

केटो डाएट किंवा कडक उपवास?

अंडाशय किंवा गर्भाशयाचा कर्करोग झालेल्या ४५ बायकांवर १२ आठवडे केटो (अगदी कमी कर्बोदकं, भरपूर चरबी) आहार तपासला गेला. चरबी आणि इन्सुलिन घटलं. आयुष्य वाढतं का, हे त्या प्रयोगातून कळू शकत नव्हतं. तो त्यासाठी नव्हताच. केमोमुळे आधीच जेवण जात नसताना त्यावर उपवास लादणं मला तरी धोक्याचं वाटतं.

कर्करोग टाळण्याच्या बाबतीत मात्र एक प्रयोग सांगण्याजोगा आहे. अमेरिकेत पाळी गेलेल्या सुमारे ४९ हजार बायकांवर कमी चरबीच्या आहाराची चाचणी झाली. पहिली चार वर्षं काहीच फरक नव्हता. त्यानंतरच्या वर्षांत त्या गटात अंडाशयाचे कर्करोग कमी झाले. आहाराचा परिणाम दिसायला एवढा काळ लागतो.

मेटफॉर्मिन, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या, वजनाची इंजेक्शनं: यातलं काही घ्यावं का?

डायबेटिससाठी मेटफॉर्मिन चालू असेल, तर डॉक्टर सांगतील तसं चालू ठेवा. स्कॅनसाठी शिरेतून रंगद्रव्य देणार असतील, तर ती गोळी चालू आहे हे तिथे आवर्जून सांगा. फक्त कर्करोगासाठी ती सुरू करायला पुरेसा आधार नाही. जुन्या नोंदी चाळून केलेल्या अभ्यासांत मेटफॉर्मिन घेणाऱ्या रुग्ण जास्त जगल्या असं दिसतं खरं, पण त्यात एक फसगत असते: निदानानंतर वर्षाने गोळी सुरू झालेली बाई 'गोळी घेणाऱ्यां'त मोजली जाण्यासाठी ते वर्ष जगलेलीच असते. ज्या तोवर गेल्या, त्या आपोआप दुसऱ्या गटात पडतात. स्तनाच्या कर्करोगात डायबेटिस नसलेल्या ३,६४९ रुग्णांवर रीतसर चाचणी केली, तेव्हा २०२२ मध्ये निकाल आला: फायदा नाही.

स्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांबद्दल २०२० मध्ये जनुकांच्या आधारे आशादायक निष्कर्ष निघाला. गोळ्यांचा प्रत्यक्ष परिणाम त्यातून सिद्ध होत नाही. वजनाच्या इंजेक्शनांमुळे भूक मरते आणि मळमळ होते. केमोच्या दिवसांत ती चालू ठेवायची का, हे कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय ठरवू नका.

व्यायामाचा उपयोग होतो का?

होतो. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या पुढाकाराने १४४ रुग्णांवर झालेल्या चाचणीत सहा महिने, मुख्यतः चालण्याचा, व्यायाम करणाऱ्यांचा थकवा कमी झाला आणि शारीरिक क्षमता सुधारली. केमोनंतरचा थकवा झोपून जात नाही, हे ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको. टाके भरेपर्यंत जड उचलू नका. चालायला मात्र लवकर सुरुवात करा.

डायबेटिस नव्हता, पण केमोच्या दिवशी शुगर २५० आली. असं कसं?

पॅक्लिटॅक्सेलची ॲलर्जी येऊ नये म्हणून आधी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देतात. त्याने शुगर चढते आणि बहुधा एक-दोन दिवसांत उतरते. दर वेळी असंच होत असेल, तर तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी चाचणी करून घ्या, कारण कधीकधी आधीपासून लपलेला डायबेटिस असा उघडा पडतो. पुढच्या टप्प्यात बेव्हॅसिझुमॅब किंवा निरापॅरिब ही कर्करोगाची औषधं मिळणार असतील, तर लक्ष बीपीकडे ठेवा. दोन्ही ते वाढवतात.

आईला हा आजार झाला होता. मी बारीक आहे, शुगर नॉर्मल आहे. मी निर्धास्त राहू का?

नाही. आईची जनुक-तपासणी झाली होती का, ते आधी शोधा. नसेल तर जनुकतज्ज्ञांना भेटा. दोष सापडला तर मूल होऊन गेल्यावर, ठरावीक वयात अंडाशयं आणि नलिका काढून टाकण्याचा पर्याय देतात. कोणत्याही आहाराने तितका धोका कमी होत नाही.

चाळिशीतच दोन्ही अंडाशयं काढली. आता काय सांभाळायचं?

पाळी एका दिवसात थांबते आणि इस्ट्रोजेनचं संरक्षणही. हृदयविकार आणि हाडं ठिसूळ होण्याचा धोका वाढतो, कोलेस्टेरॉल बदलतं, कंबर वाढते. ऑपरेशन फक्त धोका टाळण्यासाठी केलं असेल, तर नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत हार्मोन घ्यायचे का, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा. कर्करोग झालेला असेल तर ते त्याच्या प्रकारावर अवलंबून आहे. लो-ग्रेड सीरस आणि एंडोमेट्रिऑइडमध्ये विशेष सावध राहतात. बीपी, शुगर आणि लिपिड वर्षातून एकदा, आणि हाडांच्या घनतेचा स्कॅन डॉक्टर सांगतील तेव्हा. कर्करोगाच्या फॉलो-अपमध्ये सीए-१२५ न चुकता होतं, पण कोलेस्टेरॉल तपासायचं कुणाच्या डोक्यात येईलच असं नाही. ते फॅमिली डॉक्टरांकडे स्वतःहून मागून घ्या.